गढूळ की निवळ

खांदेमळणीच्या संध्याकाळी
सावरखेड्यात हळद कालवली जात होती तुपात.
आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,
असं बैलांच्या कानात सांगणं चाललं होतं.

तेव्हा बाबा तलावावरून आले.
शांतवन पारधे, गवंडी;
रविवारी आमच्या पत्र्याच्या देवळात वाचन करायचे.
एका हातात ओळंबा, दुसऱ्यात तांब्या,
तांब्यात बांधाच्या पायथ्याशी झिरपलेलं पाणी.
आईला म्हणाले, बघ.
आईनं बघितलं. चहासारखं.

निवळ झिरपलं तर तलाव श्वास घेतोय, ते सांगायचे,
गढूळ आलं, तर बांध स्वतःलाच खातोय.
सांडव्याच्या भिंतीला दोरी सोडून आले होते,
भिंत दोन बोटं बाहेर.
दोन बोटं म्हणजे किती हो, मी विचारलं.
गाव आहे ना, तेवढं.

सरपंच हळदीचे हात घेऊनच बाहेर आले.
पारधे, सणासुदीचं अभद्र कामून बोलता?
बाबा म्हणाले, मला कुठं बोलायचंय?
बोलायला लावलंय.

पोळ्याला बैलांच्या मानेवरून जू उतरतं.
त्या सकाळी ते माझ्या बापाच्या मानेवर होतं.
वेशीत, आंब्याच्या तोरणाखाली, उघड्या अंगानं,
ना शिवी, ना शाप,
एवढंच: तीन दिवस. माळावर चला.
पोरांनी शेण मारलं.
गवंड्याचा बैल झाला रे, म्हणाले.
मी भिंतीमागं लपले. हेही सांगायला हवं.

आधी हलली ती हुसनाबी पिंजारीण.
ती माती मी वाहिलीय, म्हणाली, ह्या टकुऱ्यावर.
रोलर फिरला तो कागदावर.
आणि दोन शेळ्या, एक पेटी, आंधळी सासू घेऊन
सरळ चढाला लागली.
मग चांभारवाडा. मग तेल्यांची आळी.
मग कुणाकडं न बघता सरपंचांची बायको.
बैलसुद्धा निघाले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं;
भुरभुर सुरू झाली,
झुली भिजू नयेत म्हणून वरून बारदानं टाकली.
ते बघून बाबा मट्‌कन खाली बसले, जू तसंच मानेवर.
निनवेत जनावरांनीही गोणपाट पांघरलं होतं गं,
म्हणाले, आणि हुंदका आवरेना.

रात्री कंदील लावून तीस माणसांनी
पहारींनी सांडवा खोल कापला.
पाणी हात हात उतरत गेलं.
बांध टिकला.

चौथा दिवस उजाडला, ऊन पडलं,
माणसं गाठोडी घेऊन खाली आली.
घरात पुरणाला वास सुटला होता,
कुणाच्या तरी कोंबड्या कुत्र्यानं नेल्या होत्या.
काय पारधे, कुठं हाय तुमचा पूर?

बाबा पुन्हा माळावर जाऊन बसले, एरंडाखाली.
ओसाड गावी एरंड बळी म्हणतात.
गाव ओसाड झालं नाही,
आणि माझ्या बापाला तेच लागलं.
मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाले,
लोकांनी ऐकलं की सांगणारा खोटा पडतो.
नाही ऐकलं तर खरा ठरतो,
पण मग त्याला खरा म्हणायला कोण उरतं?
मग बराच वेळ गप्प. भाकरीचा तुकडा मोडून
मुंग्यांच्या रांगेपाशी ठेवला.
मी चिडलो होतो, म्हणाले.
तीनशे उंबरे, एवढी लेकरं, एवढी गुरं,
आणि मी चिडलो होतो, माझा शब्द गेला म्हणून.

त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.
ओळंबा माझ्या घरी खुंटीला आहे,
पंख्याच्या वाऱ्यानं हलतो, पुन्हा सरळ होतो.

परवा माहेरी गेले, पहाटे तलावाकडं चालले होते.
बांधाच्या पायथ्याशी कुणीतरी वाकलेलं.
म्हातारे सरपंच.
इकडं तिकडं बघून त्यांनी तांब्या भरला,
उजेडाकडं धरला,
आणि कितीतरी वेळ
तसाच धरून ठेवला.