मनगट

"कोरी करकरीत आहे, तरी अडते,"
म्हणाली हेमलता कुंटे,
आणि नासकं वांगं भाजीवाल्याला परत करावं तशी
टेबलावर ठेवली कानपूरची बत्तीस बोर.
झाशी रोडवर पेट्रोल पंप. वडील होळीच्या आधी गेले.
परवाना तिच्या नावावर व्हायला जून संपला.

मी आधी मॅगझीन काढतो,
स्लाइड मागे ओढून रिकाम्या घरात करंगळी फिरवतो.
"रिकामीच आहे उस्ताद," ती म्हणते.
असतील.
या वाक्यावर छत्तीस वर्षं मी विश्वास ठेवलेला नाही.

आत कारखान्याचं ग्रीस, पुरणासारखं घट्ट.
रॉकेल, जुनं धोतर, दात घासायचा ब्रश.
एका मॅगझीनचा उजवा ओठ केसभर उघडा,
काही सांगता सांगता राहिलेला;
ते बाजूला.
काडतूस जिथून नळीत चढतं ती चढण
बोटाला लागेनाशी होईपर्यंत पुसली.
मग काडतुसांचा डबा उघडला. वडिलांचा.
पितळेवर हिरवट बुरशी, कडेला त्यांच्या अक्षरात एक तारीख.
"ही नकोत," म्हटलं.
तिने डबा परत पिशवीत ठेवला,
फेकला नाही.

रेंजवर मी आठ झाडल्या. आठही गेल्या.
पुन्हा आठ.
मग तिच्या हातात दिली आणि तिसऱ्यालाच
रिकामी पुंगळी स्लाइडच्या जबड्यात ताठ उभी,
बिर्लानगरच्या बंद गिरणीच्या धुराड्यासारखी.
"बघा," ती म्हणाली. जरा आनंदानेच.

बाईसाहेब, दोष हिच्यात नाही.
गोळी पुढे जाते तेव्हा हिला मागे यायचं असतं, पूर्ण मागे.
तिथे हात ठाम असेल तर
रिकामं फेकते, भरलेलं उचलते.
हातच तिच्याबरोबर मागे गेला
तर अर्धा जोर हवेत.
जुनं बाहेर पडत नाही, नवं आत येत नाही.
तिला टेकायला काहीतरी लागतं.

"पण सगळे म्हणतात, हलकी धर,
चिमणी धरल्यासारखी."
चिमणी नको.
सांडशीत उकळत्या दुधाचं पातेलं धरता ना, तशी.

तिने ओठ मिटले, कोपर सरळ केलं.
एक. दोन. तीन.
सहावी पुंगळी उडून माझ्या कॉलरच्या आत पडली,
मी जागचा हललो नाही.
आठवीनंतर तिने पिस्तूल खाली ठेवलं
आणि रिकाम्या मैदानाकडे पाहत
बराच वेळ नाक पुसत राहिली.
मी पुंगळ्या वेचायला गेलो.

रात्री कुमुद पोळी लाटत होती.
लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती म्हणाली होती,
"तुमच्याशी धड भांडताही येत नाही हो,
एक वाक्य बोलले की पुढचं अडकतं."
मी तेव्हाही म्हणालो होतो, "बरं."
तेव्हापासून बरंच.
तिच्या बदलीला बरं, माझ्या आईच्या बोलण्याला बरं,
अनुपला पुण्याला पाठवण्याला बरं.

"अनुप म्हणतोय घर विकून तिकडेच या.
मी होकार कळवून टाकू?"
बरं ओठांपर्यंत आलं होतं.
मी कोपर ओट्यावर टेकवलं.
"नाही," म्हणालो.

लाटणं थांबलं.
"नाही? तुम्ही हे काय करून राहिलात?"
आणि मग तिचं सुरू झालं,
अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीपासून,
एकामागून एक, गरम, सुटं,
नळावरचा तो दिवस, नणंदेची साडी, सोडलेली नोकरी,
काही तर मला आठवतही नव्हतं.

आठापर्यंत मी मोजलं.
मग तिला मानेवरचा चट्टा दिसला,
आणि खोबरेलाची बाटली शोधताना,
तेल लावतानासुद्धा,
ती बोलतच होती.