वाजवी आणि प्रामाणिक

घाटपांडे वकील म्हणाले, एक महिना.
महिन्याभरात मालकाकडचं कुणी राहायला आलं नाही
तर अर्ज करू. जागा परत मागता येते.
कायद्यात आहे तसं.

म्हणून मी धायरीहून रोज रास्ता पेठेत येतो.
शैलाला सांगतो, चालायला जातो.
खोटं नाही. स्वारगेटपासून चालतोच.

इस्त्रीवाल्याच्या बाकावर बसायचं,
दुसऱ्या मजल्याची डावी खिडकी बघायची.
अंधार असला की डायरीत फुली.
एकेचाळीस वर्षं त्या खिडकीतून हा बाक बघितला,
बाकावरून खिडकी कधीच नाही.
लहान दिसते.

भाडं एकशे बेचाळीस रुपये.
शेवटची सहा वर्षं मनिऑर्डर जायची नि परत यायची,
'घेण्यास नकार', ओगल्यांची तिरकी सही.
सगळ्या आहेत, बिस्किटांच्या डब्यात.

कोर्टात ओगले म्हणाले, जागा लेकीसाठी हवी.
आमच्या वकिलांनी विचारलं,
लेक तर नाशिकला सासरी नांदते ना?
ओगले गप्प.
नांदते की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.
ओगल्यांनी पाणी मागितलं.
मी शैलाला कोपरानं ढोसलं,
सापडला.

मग दोन्हीकडची अडचण तोलली गेली.
आमची हलकी भरली:
मुलाचा धायरीत फ्लॅट, लिफ्टसकट.

आज सव्विसावा दिवस.
डायरी उघडली, पेनचं टोपण काढलं,
आणि वर दिवा.

एक बाई खिडकीशी झटत होती.
मागे खोकी, दोरीनं बांधलेली गादी,
आणि गणवेशातला एक मुलगा,
दप्तर पाठीवरच, पाहुण्यासारखा उभा.
तिनं झडप ढकलली. पुन्हा ढकलली.
ती तशी उघडत नाही.
बिजागरी कधीची खाली आलीय.
दुरुस्ती मालकाची की भाडेकरूची,
यावर आमची तीन पत्रं झाली होती,
तिन्ही रजिस्टर्ड.

इस्त्रीवाला म्हणाला, काका, आज फुली नाही?

मी रस्ता ओलांडला,
तोंडाशी हात धरून ओरडलो,
आधी वर उचला!
उचला, नि मग ढकला!

तिनं खाली बघितलं.
काहीतरी विचारलं, मधून रिक्षा गेली.
मी कोण, हे सांगायला
कुठून सुरुवात करायची ते सुचेना.

कोपऱ्यापर्यंत पोचलो असेन,
मागे झडप भिंतीवर आपटली.
तो आवाज मला पाठ आहे.