वहीतल्या रेघा

रात्रपाळी सुटली की सायकलच्या आधी
गल्लीत त्यांचा खोकला येतो,
रोलिंग मिलची काळी धूळ घेऊन.
तोवर मी लेकरांना प्रार्थनेला बसवलेलं असतं.
तबिथा मधले शब्द गिळते, आमेन मात्र मोठ्यांदा.
ओबेद डोळे मिटतो,
पण एक पापणी उघडी ठेवतो
माठावर चढणाऱ्या मुंगीसाठी.

मी काही बोलत नाही.
माझ्या आईनं याच गुन्ह्यासाठी मला पळीनं मारलं होतं.
पुढं कित्येक वर्षं
देव मला पळीसारखाच वाटायचा,
लांब दांड्याचा.

पाळकसाहेब म्हणतात, लेकरू म्हणजे ठेव,
प्रभूनं विश्वासानं दिलेली.
असेल.
पण ही ठेव दोडक्याची भाजी ताटाखाली लपवते,
शेजारच्या इरफानचा भोवरा खिशात घालून येते
आणि विचारलं तर
छताकडं बघते.

दुकान आमचं एवढंसं, पत्र्याचं,
जुन्या जालन्यात, पिठाच्या गिरणीला लागून.
साबण, बिस्किटं, पाच रुपयांच्या चहापुड्या
आणि खिळ्याला सुतळीनं टांगलेली उधारीची वही.
मुमताजबी, बावीस रुपये.
लिंबाजी टेलर, एकशे चाळीस.
कडूबाईची सून, सहा अंडी (सासूला सांगायचं नाही).

एका रविवारी शब्बाथ शाळेतून आला तो,
चपला न काढताच:
"माय, ऋण म्हंजी काय गं?"
मी मिरच्या जोखत होते. म्हटलं, उधारी.
"अन् ऋणी?"
ज्याच्याकडं आपले पैसे अडकलेत तो.
"हां," म्हणाला.
मी काट्याकडं बघत राहिले.

मंगळवारी वही उघडली
तर पानोपानी हिरव्या स्केचपेनच्या रेघा.
नावं शाबूत होती,
आकडे तेवढे मेले होते.
लिंबाजीपुढं तर
फुली होती की क्रूस, कळेना.

मी हाक मारली. त्या हाकेनं गिरणीवाल्यानंही मान वळवली.
हातात पळी होती, खरंच होती,
वरणातून तशीच उचललेली.
ओबेद भिंतीला टेकला.
रडला नाही.
म्हणाला, "आपुन रोज म्हन्तो ना, आम्ही सोडलं म्हनून?
सोडलं कुठं व्हतं?
देवाला रोज खोटंच सांगत व्हतो."

पळीतलं वरण माझ्या पायावर ठिबकत राहिलं.
बत्तीस वर्षं मी ते वाक्य म्हणत आले,
लग्नात, मयतीत, बाळंतपणाच्या कळांत,
आणि ते भूतकाळात आहे
हे मला दिसलं नव्हतं.
शाळेत माझं व्याकरण चांगलं होतं.

हे जेवायला बसले तेव्हा सांगितलं.
खोकला येईस्तोवर हसले.
"नशीब, होलसेलवाल्याच्या वहीला हात लावला नाही त्यानं."

मी काही संत झाले नाही.
रात्री लेकरं झोपल्यावर
आठवतील तेवढे आकडे पुन्हा मांडले.
मुमताजबीचे बावीस आठवत होते, तरी मांडले नाहीत.
अंडीही जाऊ दिली.
लिंबाजीचे मांडले. त्याची शिलाई मशीन चांगली चालते
आणि तो बाजारात मला बघून रस्ता बदलतो.
सकाळी ओबेदला हे सगळं दाखवलं, लपवलं नाही.
त्यानं बराच वेळ पान बघितलं.
"लिंबाजीकाकाचं मोठं हाय म्हनून?"
मला उत्तर आलं नाही.
म्हटलं, आणि तो भोवरा?
गेला, देऊन आला.
जाळी मात्र खिशातच विसरली.

त्या संध्याकाळी पुन्हा लाईट गेली.
मेणबत्तीपुढं आम्ही चौघं.
भाकरीपर्यंत नीट आले मी,
पुढल्या ओळीपाशी जीभ अडली.
तबिथा थांबली, हेही थांबले,
गिरणीचा पट्टाही थांबलेला.
मी डोळे उघडले.
ओबेदची एक पापणी उघडीच होती.
माठावर मुंगी नव्हती.