दिसतं त्याच्या निम्म्यात

दिवाळ्याच्या जेट्टीवरून निघालो तेव्हा
पाम बीचचे टॉवर नव्हतेच.
वरच्या कुठल्याशा मजल्यावरचा एक दिवा तेवढा
कुणी काढायचा विसरल्यासारखा लटकलेला.
जानेवारी. पाण्यावर धुकं,
धुक्यात तुर्भ्याच्या कारखान्यांचा वास,
आणि बोटीत चौघेजण, हातभर लेन्स मांडीवर घेऊन,
ज्यांना भरती उतरायच्या आत रोहित बघायचे होते.

"दिसतंय ना तुम्हाला?" एकानं विचारलं.
ही खाडी मी डोळे बांधून नेईन, म्हणालो.
वाक्य बापाचं होतं.
पण बाप ते वल्ह्यावर बसून बोलायचा.
माझ्या पाठीशी चाळीस घोडे होते.

नेरुळच्या पुढे थ्रॉटल ढकलला.
नाळ वर उठली, आणि जे थोडं दिसत होतं
तेही नाळेआड गेलं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
गालावर गार वारा, मागे पांढरी रेघ,
आणि धुकं असं, की जगात
आपल्याशिवाय कुणाचं काही चाललेलंच नाही.

मग टक.
सुपारी फुटावी एवढाच आवाज.

इंजिन बंद केलं. बोट तरी पळतच राहिली.
बोट लगेच थांबत नाही, हे ठाऊक होतं;
किती नाही, ते त्या दिवशी मोजलं.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
बाजूला घासत गेला तेलाचा पिवळा डबा,
जाळं तरंगायला बांधलेला.
आणि सहाच्या पुढे,
वल्हं लांबवलं तर लागेल इतक्यावर
कुणीतरी खोकलं.

हसुराम. होडीत उकिडवा, कानाला मफलर,
हातात जाळ्याची दोरी.
मी शिवीची वाट बघत होतो.
"आस्ते रं पोरा," म्हणाला, "मी हाव हय."
जशी काही त्याचीच चूक,
न दिसण्याची.
तेवढ्यात आमच्याच लाटा मागून येऊन पोचल्या.
त्यानं दोन्ही काठ धरले.
त्याची चहाची किटली कलंडली, घरंगळली, पाण्यात गेली.
ती बुडेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता,
आणि मी त्याच्याकडे.
लेन्सवाल्यांपैकी कुणीच फोटो काढला नाही.

परवान्याच्या वर्गात साहेबांनी सांगितलं होतं:
जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे.
वहीत उतरवून घेतलं होतं मी,
निळ्या शाईनं, खाली रेघ मारून.
वही घरी होती.

आता धुकं असलं की पुतण्या नाळेवर बसतो,
कान टोपीच्या बाहेर काढून.
दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा.
मग इंजिन बंद करून नुसतं ऐकायचं.
हसुरामनं एक स्टीलचं ताट आणलं होतं घरून,
चमचा दोरीनं बांधलेला.
माझा भोंगा, त्याचं ताट.
पुन्हा भोंगा. पुन्हा ताट, जरा डावीकडून.
तेवढ्यात पाणी उतरायचं, पाहुणे घड्याळं बघायचे.
एका बाईंनी पाचशे रुपये कापून दिले:
पक्षी लांबून दिसले म्हणून.
मी घेतले तेवढे घेतले.

यंदा हसुराम येत नाही. गुडघे.
ताट सुनेनं मांडणीवर परत लावलं.
तरी नेरुळच्या पुढे, त्या पिवळ्या डब्याची जागा आली
की मी भोंगा देतो आणि इंजिन तोडतो.
पाणी बोटीच्या बुडाला चाटत राहतं.
लांब वाशीच्या पुलावरून न दिसणारे ट्रक जातात.
"काय झालं?" पाहुणे विचारतात. "कोण आहे तिथं?"
माहीत नाही, मी म्हणतो.
म्हणून तर थांबलोय.