ठोका

एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
मी कास्टिंगला हातोडी मारून कान देत आलो.
खणखणीत वाजलं तर पास.
बद्द वाजलं तर खडूनं फुली.

गेल्या श्रावणात डावा खुबा बद्द वाजू लागला.
आधी रात्री, कूस बदलताना,
मग पहाटे तीनला, कूस न बदलताही.
पद्मानं वेखंड उगाळून लावला.
इलाही म्हणाला, मर्दा, स्कूटर बदल आता.
डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं,
"आडवं पडल्यावर थांबतं का?"
थांबत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी प्रोस्टेट काढली, त्याची फाईल
देव्हाऱ्याखालच्या खणात.
शून्याला टेकलेला पीएसए
गुपचूप जिना चढत होता.

स्कॅनआधी शिरेत औषध सोडलं,
तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प बसवलं.
आम्हीही तडा असाच शोधायचो:
लाल रंग फासायचा, पुसायचा,
वर पांढरी पावडर, आणि वाट बघायची.
भेग असेल तिथून लाल पाझरतो.

दोन ठिपके.
एक खुब्याच्या हाडात, हरभऱ्याएवढा.
एक सातव्या बरगडीत. तो जुना मारही असेल,
म्हणून सुई घालून पाहिला.
मार नव्हता.

"दोनच आहेत," बाई म्हणाल्या.
त्या 'च'वर मी घरापर्यंत आलो,
पंचगंगेचा पूल कधी गेला कळलं नाही.
जॉब मोठा असला, बाकी अंग निरोगी असलं,
तर आम्हीसुद्धा भंगारात टाकत नव्हतो.
ब्लोहोल खरवडायचं, वेल्डिंगनं भरायचं,
पुन्हा एक्स-रे, मग रवाना.
सही करताना हात मात्र जड व्हायचा.

मग माझा साचा काढला.
निळ्या गादीतली हवा ओढली,
ती माझ्याभोवती दगड झाली:
कंबर, मांड्या, टाचांचे खळगे.
जन्मभर मोल्डिंग मारलेला इलाही म्हणतो,
उतार किती ठेवलाय? निघणार कसा भाईर?

पाच बैठका, दिवसाआड.
धग नाही, वास नाही.
मशीन फिरतं, थांबतं, केसभर सरकतं,
जाळतं ते ठिपक्यापुरतंच.
शिवाय तीन महिन्यांनी एक इंजेक्शन,
त्यानं भर थंडीत घाम फुटतो.
पद्मा पंखा लावते, म्हणते, आता कळलं?

बरा झालो का, विचारू नका.
बाईंनी तसं लिहून दिलेलं नाही.
पीएसए उतरलाय. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.

उद्यमनगरातून येताना कुठल्याशा शेडमध्ये
एखादं पोरगं ठोका मारतं.
मी गाडी कडेला घेतो,
आवाज संपेपर्यंत थांबतो.