पाऊस नसलेल्या गावातली छत्री

कलामात पाऊस पडत नाही.
वर्षाचा सगळा हिशेब मांडला
तर ओंजळ ओली होईल, तेवढाच.
तरी मी छत्री उघडूनच निघते,
काळी, आठ काड्यांची,
आतलं जाड अस्तर मीच शिवलेलं.
कोपऱ्यावरचा एलिसेओ, सात वर्षांचा,
रोज विचारतो, "फ्रेसियाबाई, आज येणार?"
"उद्या," मी म्हणते.
दोन वर्षं झाली, त्याला उद्याच सांगतेय.

मी हाडाची शिंपीण.
खाणीवाल्यांचे नारिंगी डगले शिवते,
छातीवर चमकत्या पट्ट्या,
म्हणजे अंधारात माणूस दिसावा.
सकाळी बोटं उघडत नाहीत.
कोमट पाण्यात बुडवून एकेक सोडवते,
गुंतलेली रीळ सोडवावी तशी,
दोऱ्याला राग येऊ न देता.

आजाराचं नाव लुपस.
लॅटिनमध्ये म्हणे लांडगा.
गालांवर मात्र फुलपाखरू काढून ठेवलंय त्यानं.
हा कसला लांडगा,
जो आधी फुलपाखरू पाठवतो?
ऊन लागलं की उठतो.
म्हणून पडदे, लांब बाह्या, नाकावर मलम,
जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यातही हातमोजे.

उल्दारिको, माझा नवरा,
वाळवंटात मैलभर मांडलेल्या काळ्या काचा पुसतो.
तिथं उन्हाची वीज होते,
तारेतून दक्षिणेला जाते.
कुणाकुणाचे पंखे, कुणाच्या इस्त्र्या
आमच्या उन्हावर चालतात.
संध्याकाळी तो येतो तेव्हा
मान अजून तापलेली असते त्याची.
मी गाल टेकते तिथं.
एवढ्याला डॉक्टरांची हरकत नाही.

"ड जीवनसत्त्व अकरा," डॉक्टर ओयार्सुन म्हणाल्या.
"निदान तीस हवं.
स्टेरॉइडनं हाडं आधीच पोखरलीत, त्यात ही तूट."
मला हसू फुटलं.
ज्या मुलखात उन्हाला तोटा नाही
तिथं माझ्याच अंगात त्याचा दुष्काळ!
लोक तोऱ्यात सांगतात,
आमचे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत.
माझेही नाहीत, डॉक्टर.
माझे सावलीत पांढरे झाले.

त्या हसल्या नाहीत.
आईबद्दल विचारलं.
मी सांगितलं, स्वयंपाकघरात, ओट्यापाशी,
हातात कांदा होता.
सगळे म्हणाले पडली म्हणून खुबा मोडला.
मी दारात होते.
आधी आवाज आला, वाळलेल्या फांदीसारखा,
मग ती पडली.
त्यांनी ते लिहून घेतलं.
चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी लिहून घेतलं.

आठवड्याला एक गोळी.
पिवळी, मक्याच्या दाण्याएवढी, आत तेल.
"कशाची बनते?"
"मेंढीच्या लोकरीवर चिकट मेण असतं ना,
ते धुऊन काढतात,
त्यातला एक अंश दिव्याखाली धरतात."
म्हणजे कुठल्यातरी कुरणातल्या मेंढीनं
माझ्या वाटणीचं काम अंगावर घेतलंय.
"लांडग्यावर मेंढीचा उतारा!" मी म्हणाले.
"उतारा नाही, फ्रेसिया," त्या म्हणाल्या,
"नुसता टेकू."
टेकू तर टेकू.
माझं अर्धं घर टेकूवरच उभं आहे.

रविवारी गोळी घेते, जेवणाबरोबर,
विसरू नये म्हणून मशीनच्या खणात,
बॉबिनच्या डबीत ठेवलीय.
रात्री अंगणात बसते, छत्री मिटून.
इथं रात्र कडक थंड,
आणि चांदणं एवढं, की सुई ओवता यावी.
चांदणं म्हणजे उष्टं ऊन.
हाडांना त्याचा काही उपयोग नाही,
डॉक्टरांना विचारून झालंय.
पण लांडगाही उठत नाही त्यानं.
हातमोजे काढून मी हात पुढे करते,
तळवे वर, मग तळवे खाली,
पापड वाळत घातल्यासारखे.

तीन महिन्यांनी एकोणीस आलं.
उल्दारिकोनं कॅलेंडरवर आकडा लिहिला,
शेजारी बाण काढला, वरच्या दिशेनं, जरा जास्तच मोठा.
सकाळी छत्री घेऊन निघाले.
एलिसेओ भिंतीवर बसलेला.
आज त्यानं विचारलं नाही,
नुसतं माझ्या छत्रीखाली येऊन चालू लागला,
पाऊस असल्यासारखा, खांदे आखडून.