वर एक पळी

मिनीआपोलिसात लेक स्ट्रीटवर,
चाव्या करणाऱ्याच्या दुकानाला खेटून, सहा टेबलं.
सहाव्यावर नूबे गृहपाठ करते,
म्हणजे पाचच.
दारात चिखल झालेला बर्फ, त्यावर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर केळ्यांच्या पेटीची निळी अक्षरं.

फळ्यावर लिहिलेलं सगळं कधीच नसतं.
दाण्याच्या कुटातली वजडी फक्त शनिवारी.
बोकडाचं 'सेको' रोज. सेको म्हणजे सुकं,
आणि ताटात रस्सा कडेपर्यंत.
असं कसं, मी एकदा विचारलं.
सोइला म्हणाली, नाव ठेवणारा जेवून गेला,
आम्ही राहिलो रांधायला.

रविवारी मात्र एन्सेबोयादो:
कुपा मासा, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद,
वर लिंबात मुरलेला लाल कांदा,
शेजारी वाटीत केळ्याचे काप, भाजलेला मका.
रात्री प्यालेल्यांचं हे औषध म्हणतात.
मी पीत नाही. मी टपाल वाटते,
आठवड्याचे सहा दिवस, याच गल्ल्यांतून,
आणि सातव्या दिवशी
माझ्या पायांना काहीतरी गरम लागतं.

लाउरो तेनेसाका डोंगरातला. सोइलाही.
तो म्हणतो, हे किनाऱ्यावरच्यांचं खाणं,
आपलं नव्हे,
आणि वाडगा तिरका करून शेवटचा थेंब पितो.
ऑक्टोबरात तो छपरावरून पडला.
तेव्हापासून खुर्चीत बसण्याआधी
टेबलाला हात लावून परवानगी घेतो.

आज त्याने कोटाच्या आतून पाकीट काढलं.
मी ओळखलं. गुरुवारी मीच टाकलं होतं
त्याच्या दारातल्या फटीतून.
एकोणीस वर्षांत एवढं बोटांना कळतं:
होकार जाड असतो, त्यात फॉर्म असतात,
सह्यांच्या जागा, परतीचं पाकीट.
नकाराला एक कागद पुरतो.

नूबे, वय अकरा, भागाकार अर्धा सोडून उठली.
डोळ्यांत इंग्रजी ओळ, तोंडात स्पॅनिश,
मधे उंबऱ्याएवढी जागा.
"कंपनीने तुमचा अर्ज नीट वाचला."
"त्यांना वाईट वाटतं."
मग ती थांबली.
माझ्या खुर्चीवरून मला तो शब्द दिसत होता,
ठळक, ओळीत एकटा: अंतिम.

"म्हणतायत, अजून कागद लागतील,
मोठ्या डॉक्टरचे.
वसंतात परत विचारा."

असं त्यात कुठेच नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मला त्यांची भाषा येते हे तिला ठाऊक आहे,
कुत्रा आवरा, इथे सही, आईचा गुडघा कसा आहे,
सगळं मी यांच्याच पायऱ्यांवर शिकले.
माझ्या तोंडात कंद होता, पोळणारा.
तो गिळेपर्यंत वेळ निघून गेली,
किंवा मी तो हळू गिळला.

सोइला पातेलं घेऊनच बाहेर आली.
भिंत पातळ आहे, तिकडे सगळं ऐकू जातं.
"यापा," म्हणाली, आणि लाउरोच्या वाडग्यात
वर एक पळी ओतली.
यापा म्हणजे बाजारात तराजू थांबल्यावर
वरून पडते ती मूठ,
जिचा हिशेब कोणी मांडत नाही.
मग मलाही ओतली. मी काय केलं होतं?

"वसंतात," लाउरो म्हणाला,
"बरं आहे. छपरांची कामं तेव्हाच निघतात."
कागदाची घडी, घडीची घडी,
खिशाचं बटण लावायला त्याला तीनदा लागलं.

नूबे परत सहाव्या टेबलावर.
रबर इतका जोरात फिरत होता
की वहीचं पान फाटलं.

"ते पुढचं पत्र येईल ना," त्याने मला विचारलं,
"घरी टाकू नका. इथेच आणून द्या. रविवारी.
मी असतोच."

रविवारी मला सुट्टी असते, हे म्हणायचं राहिलं.
हो म्हणाले,
आणि केळ्याचे काप त्याच्याकडे सरकवले.
ते मऊ पडले होते.
त्याने खाल्ले.